चेक परत आला त्या दिवसापासून दिवस मोजायचे असतात

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या कोल्हापुरात १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, सहा जिल्ह्यांचं काम आता इथं चालतंय, त्याच्यासाठी वकील मंडळींनी चाळीसेक वर्षं लढा दिला आणि त्याचा आम्हाला पण अभिमान आहे. पण मला जे लिहायचंय ते हायकोर्टापर्यंत जायच्या बरंच आधीचं आहे. उद्यमनगरात, शिरोलीला, गोकुळ शिरगावला, लक्ष्मीपुरीत आमच्यासारखे जे छोटे लोक धंदा करतात त्यांचे पैसे कोर्टात हरल्यामुळं कमी आणि कोर्टात जायची तारीख उलटून गेल्यामुळं जास्त बुडतात असं माझं स्पष्ट मत झालंय. आमचे तसेच गेले म्हणून लिहिते.

शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, मिस्टर आणि तीन कामगार. फौंड्रीतून कास्टिंग येतं ते मशीनिंग करून द्यायचं, सगळं जॉबवर्क. बिलं, बँक, जीएसटी मी बघते, लग्न झाल्यापासून म्हणजे एकोणीस वर्षं बघते. आमच्याकडं पैशाचा व्यवहार सगळा शब्दावर चालतो हे आपल्याला माहीतच आहे. फोन येतो, "वहिनी, चाळीस नग पाठवून द्या, बिल मागनं बघू", आणि टेम्पो भरून माल जातो. पीओ म्हणजे लेखी ऑर्डर नाही, काही नाही.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्याकडून, नाव लिहीत नाही, १ लाख ८४ हजाराचं बिल थकलं होतं. खूप मागं लागल्यावर ५ जानेवारीच्या तारखेचा चेक मिळाला. भरला, परत आला. बँकेनं चेकला पिनअप करून एक छोटी चिठ्ठी दिली, रिटर्न मेमो, त्याच्यावर कारण लिहिलेलं 'फंड्स इन्सफिशियंट'. मी फोन केला तर पलीकडनं अगदी गोड बोलणं, वहिनी तेवढं फेब्रुवारीच्या १० तारखेला परत टाका, पेमेंट यायचंय. टाकला. १२ फेब्रुवारीला परत आला. मग म्हणे मार्चएंड होऊ दे. आम्ही मार्चएंड होऊ दिला. त्या बिलावरचा जीएसटी आम्ही पदरचा भरून बसलेलो, कामगारांचा पगार व्याजानं आणून केलेला, आणि तरी पण वाटायचं की इतक्या वर्षांचा संबंध आहे, वकिलाची नोटीस पाठवली तर माणूस कायमचा तुटेल आणि काम बंद होईल.

८ एप्रिलला ओळखीच्या एका वकीलसाहेबांकडं गेलो. त्यांनी दोन्ही मेमो बघितले, मग टेबलावरचं कॅलेंडर पुढं ओढलं आणि बोटाच्या पेरांवर दिवस मोजायला लागले. १२ फेब्रुवारीपासून पंचावन्न दिवस झालेले. ते म्हणाले, "वहिनी, चेकच्या केसचा दरवाजा बंद झाला." मला खरं सांगते, आधी कळलंच नाही ते काय म्हणतायत. चेक हातात आहे, मेमो हातात आहे, सही त्याचीच आहे, मग बंद कसा?

तर ते असं आहे, आणि हे प्रत्येक दुकानदारानं गल्ल्याच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवावं असं आहे. चेक बाऊन्स झाला की परक्राम्य संलेख अधिनियम १८८१ च्या कलम १३८ खाली केस होते, लोक नुसतं 'एकशे अडतीस' म्हणतात. पण चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत समोरच्याला लेखी नोटीस द्यावीच लागते. नोटीस मिळाल्यावर त्याला पैसे द्यायला १५ दिवस. त्या १५ दिवसात दिले नाहीत तर तिथून पुढं एक महिन्याच्या आत कोर्टात तक्रार. तक्रारीला थोडा उशीर झाला तर सबळ कारण दाखवून कोर्ट तो माफ करू शकतं, पण नोटिशीच्या ३० दिवसाला ती सोय नाही, एकतिसावा दिवस म्हणजे गेलं. आणि चेक स्वतः तारखेपासून तीनच महिने चालतो, पूर्वी सहा महिने चालायचा, १ एप्रिल २०१२ पासून तीन झाले, अजून बरेच जण सहा महिन्याच्याच भरवशावर आहेत.

मला सगळ्यात जास्त चुटपुट लागली ती पुढच्या गोष्टीची. चेकची मुदत संपायच्या आत तो परत भरता येतो, आणि परत बाऊन्स झाला की नवीन ३० दिवस मिळतात. म्हणजे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी तोच चेक अजून एकदा बँकेत टाकला असता तरी आम्ही वाचलो असतो. ५ जानेवारीचा चेक एप्रिलच्या पहिल्या दोनचार दिवसात शिळा झाला. तो तेव्हा माझ्या पर्समध्ये होता, रोज.

केस झाली असती तर शिक्षा दोन वर्षापर्यंत किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड असं कायद्यात आहे, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर केस चालू असतानाच कोर्ट समोरच्याला २० टक्क्यापर्यंत रक्कम अंतरिम भरपाई म्हणून द्यायला लावू शकतं. केस आपल्या खात्याची शाखा ज्या कोर्टाच्या हद्दीत आहे तिथंच करायची असते, म्हणजे पार्टी पुण्याची असो नाहीतर बेळगावची, केस कोल्हापुरात. इतकं सगळं आपल्या बाजूनं आहे आणि आपण एका फोनवरच्या गोड बोलण्यापायी दिवस घालवतो.

मग आम्हाला राहिला दिवाणी दावा, त्याला तीन वर्षांची मुदत असते. तिथं वकीलसाहेबांनी विचारलं, माल दिल्याचा पुरावा काय. मी माल पोचवल्याची चलनं नेली, गुलाबी कार्बनच्या कॉप्या, पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात ठेवलेल्या. एकेका चलनावर ऑईलच्या अंगठ्याचा डाग आणि त्याच्या शेजारी गिरगटलेली सही. ही सही कुणाची? सिक्युरिटीवाल्याची. त्याचं नाव? माहीत नाही. शिक्का? काही चलनांवर आहे, काहींवर नाही. अकरा चलनातली चार अशी निघाली की ती आम्हीच लिहिली असं कुणी म्हटलं तर आम्ही काय दाखवणार होतो. माल तर खरोखर गेला होता, मी स्वतः टेम्पोत मोजून भरलेला.

तेव्हापासून आमच्याकडं नियम झाला, माल उतरवल्यावर चलनावर सही, खाली नाव सुटं लिहून, तारीख आणि शिक्का, नसेल तर टेम्पो तिथनं हलवायचा नाही. सुरुवातीला ड्रायव्हर कुरकुरला, एका स्टोअरवाल्यानं पण तोंड वाकडं केलं, नंतर सगळ्यांना सवय झाली. आणि दरवर्षी ३१ मार्चला मी प्रत्येक पार्टीला बाकीचा उतारा पाठवते, एवढी बाकी निघते, बरोबर असल्यास सही करून पाठवा. याचा फायदा मला आधी माहीत नव्हता. मुदतीच्या आत देणेकऱ्यानं लेखी कबुली सहीनिशी दिली की तीन वर्षं त्या तारखेपासून परत नव्यानं मोजली जातात. साधा एक कागद आहे, पण जुनी उधारी मरू देत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पण उपयोगाला येतं, फक्त ते कोर्टात द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणं प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेव्हा फोन बदलला म्हणून चॅट उडवून टाकू नका आणि जुना फोन एक्सचेंजला देऊ नका.

आता उद्यमचं, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं सांगते, कारण त्यात आम्ही दुसऱ्यांदा फसलो. एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा २००६ चा आहे. छोट्या उद्योगानं माल दिला किंवा जॉबवर्क केलं तर पेमेंट १५ दिवसात, आणि लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसात झालंच पाहिजे. नव्वद दिवसाचं क्रेडिट पीओवर छापलेलं असलं म्हणून ते चालत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं व्याज आणि ते पण महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ. त्याच्यासाठी सरकारी पोर्टलवर घरबसल्या अर्ज करता येतो, तो सुविधा परिषदेपुढं, म्हणजे थकलेल्या पेमेंटचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळापुढं जातो. हे सगळं कागदावर असताना आमच्याकडं उद्यम रजिस्ट्रेशनच नव्हतं. बिल थकल्यावर धावपळ करून काढलं, ते पण नेटवर सरकारीसारखी दिसणारी एक साईट सापडली, तिथं पंधराशे रुपये भरून. उद्यम रजिस्ट्रेशन फुकट असतं, आधार आणि पॅनवर होतं, सरकारी पोर्टलवर एक रुपया लागत नाही, हे मला सर्टिफिकेट आल्यावर कळलं. आणि त्याच्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे आधी काम केलं आणि नंतर रजिस्ट्रेशन काढलं तर त्या जुन्या बिलाला या कायद्याचा आधार मिळेल असं धरून चालता येत नाही, सुप्रीम कोर्टानं तसे निकाल दिलेले आहेत. म्हणून धंदा आज सुरू केलाय तर उद्यम आजच काढा आणि नंबर प्रत्येक बिलावर छापा. जे नुसते व्यापारी आहेत, घेऊन विकणारे, त्यांना उद्यम मिळतं पण ते बँकेच्या कर्जापुरतं, या ४५ दिवसाच्या नियमाचा फायदा त्यांना नाही, हे पण लक्ष्मीपुरीतल्या लोकांनी ध्यानात ठेवावं, त्यांना एकशे अडतीस आणि दिवाणी दावाच.

प्राप्तिकरात ४३बी (एच) हे कलम आल्यापासून थोडा फरक पडलाय हे मान्य करायला पाहिजे. छोट्या उद्योगाचं पेमेंट वेळेत केलं नाही तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, त्यामुळं २०२४ च्या मार्चमध्ये पहिल्यांदाच आम्हाला पार्ट्यांचे फोन आले की वहिनी बिलं पाठवा. पण एका ठिकाणाहून असा पण फोन आला की तुमचं उद्यम रद्द करा नाहीतर काम दुसरीकडं देतो. मिस्टर दोन रात्री झोपले नाहीत. आम्ही रद्द केलं नाही. ते काम गेलं, चार महिन्यानं निम्मं परत आलं.

आता याची उलटी बाजू पण सांगायला पाहिजे, कारण चेक देणारे पण आपणच असतो. सही केलेला कोरा चेक कुणालाही देऊ नका. भिशीला, फायनान्सला, ओळखीच्या सावकाराला, सिक्युरिटी म्हणून लोक देतात. रक्कम दुसऱ्यानं भरली तरी सही आपली असली की देणं होतं असं कायदा धरून चालतो आणि नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर येते, सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये हे परत सांगितलंय. आणि नोटीस आली तर ती घ्या. पोस्टमनला परत पाठवली की केस होत नाही हा समज आपल्याकडं घट्ट बसलाय, तो साफ चुकीचा आहे, बरोबर पत्त्यावर आलेली नोटीस नाकारली तर ती मिळाली असंच धरतात आणि तुमचे ते १५ दिवस फुकट जातात. पतसंस्थेत जामीनदार म्हणून सही करताना पण हेच. 'नुसती सही कर, फेडणार मीच आहे' असं भावकीतला माणूस म्हणतो, पण जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला की वसुली अधिकारी पगार कुणाचा सापडतोय ते बघतो. आमच्याकडच्या एका कामगाराचा पगार असाच दीड वर्ष कापला जात होता, कर्ज मेव्हण्याचं.

माझ्या धाकट्या बहिणीची गोष्ट सांगून पत्र आवरतं घेते. राजारामपुरीत तिनं ब्लाऊज आणि ड्रेस शिवायचं दुकान टाकलं होतं. गाळा भाड्यानं, ५० हजार डिपॉझिट, नोटरीकडं केलेला अकरा महिन्याचा कागद. अकरा महिन्याच्या कराराला रजिस्ट्रेशन लागत नाही असं सगळेच सांगतात, तिला पण सांगितलं. महाराष्ट्रात तसं नाही. भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ आहे, करार कितीही महिन्याचा असो, तो लेखी आणि रजिस्टर झालाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. केला नाही तर मालकाला तीन महिन्यापर्यंत कैद किंवा पाच हजारापर्यंत दंड, आणि भाडेकरू अटींबद्दल जे सांगेल ते उलट सिद्ध होईपर्यंत खरं धरलं जातं. मालकानं गाळा रिकामा करून घेतला आणि डिपॉझिटचं नाव काढलं की रंगाचा खर्च, लाईटबिल, काय काय काढायला लागला. ती पोरगी घाबरून गप्प बसली कारण वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

मी तिला घेऊन कसबा बावड्याला न्यायसंकुलात गेले, तिथं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. तिथल्या बाईंनी एक साधा अर्ज भरून घेतला आणि सांगितलं की तुम्हाला वकील मोफत मिळेल. मी उत्पन्नाचा दाखला पुढं केला तर त्यांनी तो परत दिला, म्हणाल्या, बाईला उत्पन्नाची अट नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती जमातीचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेले, यांना उत्पन्न न बघता मोफत वकील, आणि बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाचं उत्पन्न ३ लाखाच्या आत असेल तर. मी तिथं बाकड्यावर बसून राहिले, मला काही बोलताच येईना. कायदा माझ्या लहानपणापासूनचा, मी शिकलेली बाई, रोज पेपर वाचते, आणि हे मला माहीत नव्हतं. माझ्या ओळखीत किती बायका आहेत ज्यांनी पोटगी, वाटणी, डिपॉझिट, पगार, सगळं फक्त वकिलाच्या फीला घाबरून सोडून दिलं. १५१०० या नंबरवर फोन केला तरी माहिती मिळते.

प्राधिकरणाकडून मालकाला पत्र गेलं, दोघांना समोरासमोर बसवलं, तिसऱ्या बैठकीत ४३ हजार द्यायचं ठरलं आणि चेक घेतला. चेक घेताना मी पहिली तारीख बघितली. तो पास झाला.

आमचा स्वतःचा दावा २०२४ मध्ये लोकअदालतीत मिटला, १ लाख ४० हजारावर, तीन हप्ते, कोर्ट फी परत मिळाली. लोकअदालतीत ठरलेलं कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखंच असतं आणि त्याच्यावर अपील होत नाही, म्हणून तिथं सही करायच्या आधी मात्र नीट विचार करून, हप्त्याच्या तारखा घालूनच सही करावी. ४४ हजार सोडले. मिस्टर म्हणाले जाऊ दे, दोन वर्षं डोक्यात तेच होतं. मला अजून वाटतं ते सोडायला लागले नसते.

संपादकसाहेब, आपल्या पेपरात शेतीचा सल्ला येतो, आरोग्याचा येतो, राशिभविष्य रोज येतं. आठवड्यातून एकदा अर्धा कॉलम तरी असा द्या की ज्यात कुठल्या कामाला किती दिवसाची मुदत, कुठला कागद लागतो आणि अर्ज कुठं द्यायचा एवढंच साध्या भाषेत असेल. कलमांचं मोठं विवेचन नको, वाचून आमच्यासारख्याला उद्या सकाळी काय करायचं ते कळलं पाहिजे. इथं एवढे अनुभवी वकील आहेत, आता तर सहा जिल्ह्यातले इथं येतात, त्यांच्यातले कुणीही आनंदानं लिहून देतील. आणि विधी सेवा प्राधिकरणाला विनंती आहे की कायदेविषयक शिबिरं गावोगाव होतात तसं महिन्यातून एकदा संध्याकाळी एक टेबल उद्यमनगरात पण लावा, कामगार आणि छोटे मालक दोघं येतील. सहानंतर लावा, त्याच्या आधी मशीन सोडून कुणाला येता येत नाही. जागा नसेल तर आमच्या शेडच्या पुढची मोकळी जागा आहे, खुर्च्या आणि चहा आम्ही बघतो.

मागच्या महिन्यात आमच्या शेजारच्या वेल्डिंगवाल्या काकांचा ६२ हजाराचा चेक परत आला. ते पण मार्चएंडच्याच गोष्टी बोलत होते. मी त्यांच्या कॅलेंडरवर मेमोच्या तारखेपासून दिवस मोजून पंचविसाव्या दिवसाला लाल पेनानं गोल केला आणि काकांना सांगितलं, या दिवसाच्या आधी नोटीस गेली पाहिजे, मग तुम्ही संबंध सांभाळा नाहीतर काय पण करा. अकराव्या दिवशी नोटीस स्पीड पोस्टानं गेली. पोचल्यावर सहाव्या दिवशी समोरच्यानं एनईएफटी केलं, आणि काम पण अजून चालू आहे.

आपली,
एक वाचक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर